आठ हजारांचा चहा प्यावा का?

लंडनच्या रिट्झ हॉटेलात दुपारचा चहा सकाळी साडेअकराला सुरू होतो! मग दीड, साडेतीन, साडेपाच, आणि शेवटची पंगत रात्री साडेसातला. दिवसाला पाच पंगती, तरीही शनिवार-रविवारचं टेबल हवं असेल तर काही आठवडे आधी बुकिंग करावं लागतं. पुरुषांना जाकीट आणि टाय सक्तीचा. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातले असतील तर आत प्रवेश नाही. आणि भाव? माणशी सत्तर पौंडांच्या वर. रुपयांत आठ हजार तरी धरा. नवरा-बायको गेले तर सोळा.

एवढ्या पैशांत समोर काय येतं? चहाची किटली, बोटाएवढी सँडविचं, गरम स्कोन, त्याला लावायला घट्ट साय आणि जाम, आणि तीन मजली स्टँडच्या वरच्या ताटलीत काही चिमुकले केक. हे ऐकल्यावर आपल्याकडे पहिला उद्गार ठरलेला: 'अरे, एवढ्यात महिन्याचा किराणा येतो!' येतोच. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. चहा प्यायला जाणार असाल तर हे पैसे वसूल होत नाहीत. आवडत्या माणसाबरोबर दोन तास सुंदर जागी, कुणीही न उठवता बसायला जाणार असाल तर होतात, आणि चांगले होतात. असं का, ते कळायला या चहाच्या पोटात शिरावं लागेल. आणि तिथे फार मजेदार गोष्टी दडलेल्या आहेत.

भूक लागली म्हणून

दुपारच्या चहाचं श्रेय इंग्रज लोक बेडफर्डच्या सातव्या डचेसला देतात. नाव अ‍ॅना मारिया रसेल, काळ १८४०च्या आसपासचा. त्या काळी श्रीमंत घरांत रात्रीचं जेवण लांबत लांबत आठपर्यंत गेलं होतं आणि दुपारचं जेवण म्हणजे नुसता तोंडी लावण्याचा कार्यक्रम. चार-पाच वाजता बाईंच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. त्यांनी चहा आणि पाव-लोणी थेट आपल्या खोलीत मागवायला सुरुवात केली. मग मैत्रिणींना बोलावलं. फॅनी केंबल या नटीने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की १८४२ साली बेल्व्हॉर कॅसलमध्ये पाहुणी असताना डचेसच्या खोलीत तिने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला.

म्हणजे आज ज्याला टाय लावून जावं लागतं, तो कार्यक्रम मुळात खोलीचं दार लावून, चार मैत्रिणींत, लपूनछपून खाण्याचा होता. मला ही गोष्ट फार आवडते. हॉटेलं त्यात नंतर आली. १८६५ साली उघडलेलं लंडनचं लँगहॅम हॉटेल म्हणतं की हॉटेलात दुपारचा चहा द्यायला सुरुवात आम्हीच केली.

मुंबईचं भाडं, दहा पौंड

इंग्लंडच्या दरबारात चहाची गोडी लावली ती पोर्तुगालच्या राजकन्येने. ब्रॅगांझाची कॅथरिन. १६६२ साली तिचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी झालं. तिला चहाची सवय माहेरचीच, आणि तिचं पाहून दरबारातल्या बायकाही चहा पिऊ लागल्या. याच लग्नाच्या हुंड्यात राजाला आपली मुंबईची बेटं मिळाली. त्याला त्या दलदलीचं काय करावं कळेना, म्हणून १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली.

महागाई बाजूला ठेवून हिशोब केला, तर रिट्झमधल्या एका माणसाच्या चहाच्या पैशांत मुंबई सात वर्षं भाड्याने मिळाली असती!

तेव्हा चहा स्वतःच इतका महाग होता की घरात चहाच्या पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला. १७८४ साली इंग्लंडने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरट्या चहाचा धंदा एका फटक्यात बसला आणि चहा गरिबाच्या घरात शिरला. पत्तीचा रुबाब तिथेच संपला. त्यानंतर रुबाब दाखवायचा तर तो पत्तीच्या आजूबाजूच्या गोष्टींत दाखवावा लागणार होता. हॉटेलांनी पुढे नेमकं तेच केलं.

पत्तीचे किती, पातळ कपाचे किती?

आता जरा पेन-कागद घ्या. चहा कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, खोटं नाही. आयएसओ ३१०३, साल १९८०. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं. हे मानक चव तपासणाऱ्यांसाठी आहे, घरच्यांसाठी नाही. याच विषयावर ब्रिटनच्या मानक संस्थेचं सहा पानी परिपत्रक आहे, आणि त्याला १९९९ साली चक्क इग नोबेल मिळालं, तेही साहित्याचं!

कपाला दोन ते अडीच ग्रॅम धरले तर एक किलो पत्तीत चारशे-पाचशे कप होतात. समजा हॉटेलने पाच हजार रुपये किलोची चांगली दार्जिलिंग वापरली. कपामागे दहा-बारा रुपये. आणखी वर जाऊ. २०२१च्या डिसेंबरमध्ये गुवाहाटीच्या लिलावात आसामची मनोहरी गोल्ड ९९,९९९ रुपये किलोने गेली आणि देशभर बातम्या झाल्या. त्या विक्रमी चहाचा दोन ग्रॅमचा कप पडतो दोनशे रुपयांना. २०१४ साली मकाईबारीच्या सिल्व्हर टिप्सला किलोमागे १,८५० डॉलर मिळाले होते, म्हणजे दोन ग्रॅमला पावणेचार डॉलरच्या आत. एका किटलीत दोन-तीन कप धरा, तरीही जगातल्या अतिमहाग चहांपैकी एक ओतून हॉटेल हजार रुपयांच्या पुढे जाणं कठीण. आणि हॉटेल तो ओतत नाही.

मग उरलेले सात हजार?

ब्रिटनमध्ये हॉटेलात बसून खाल्लं की वीस टक्के व्हॅट, आणि तो मेन्यूवरच्या किमतीतच धरलेला असतो. ७५ पौंडांतले साडेबारा पौंड सरळ सरकारच्या खिशात. त्यानंतर येतात माणसं. वरच्या ताटलीतला एक केक उचलून नीट बघा. काडेपेटीपेक्षा लहान. खाली बिस्किटाचा पातळ थर, मध्ये फळाचा मुरांबा, त्यावर मूस, त्यावर आरशासारखा चकचकीत लेप, आणि टोकाला चिमट्याने ठेवलेलं चॉकलेटचं पान. आठ माणसांचा मोठा केक करायला जेवढे टप्पे लागतात, तेवढेच टप्पे या दोन घासांच्या केकला लागतात, आणि प्रत्येक नगावर पुन्हा हात फिरवावा लागतो. मैदा, लोणी, साखर यांचा खर्च किरकोळ असतो. महाग आहे ती पहाटेपासून उभी असलेली पेस्ट्रीवाल्यांची फळी. या भागाचे पैसे मी खुशीने मोजते.

मग चांदीची किटली, तिला रोज पुसणारे हात, पियानोवाला, ताजी फुलं, दोन टेबलांमागे एक वेटर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खुर्ची. लंडनमधल्या पिकॅडिलीवर तुम्ही दोन तास एक खुर्ची अडवून बसणार आहात. त्या जागेचं भाडं तुमच्या सँडविचमधल्या काकडीला भरावं लागतं.

हॉटेलवाल्यांचं गणितही समजून घ्या. मोठ्या हॉटेलात दुपारचं जेवण तीनला आटोपतं, रात्रीचं सातला सुरू होतं. मधले चार तास तो झुंबरांचा दिवाणखाना, तो नोकरवर्ग, ते दिवे सगळं रिकामं चालू. दुपारच्या चहाने ही रिकामी वेळ कमाईची केली. रिट्झने तर चहा सकाळी आणि रात्रीही नेला.

काकडीला काय एवढं?

इंग्रजांच्या चहात काकडीचं सँडविच हवंच. साल काढलेल्या काकडीच्या कागदासारख्या चकत्या, लोणी, पांढरा पाव, कडा कापलेल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात थंड इंग्लंडमध्ये काकडी पिकवायची तर काचघर लागायचं, कोळसा जाळून ते गरम ठेवावं लागायचं. ज्याच्याकडे माळी आणि काचघर त्याच्याकडे काकडी. शिवाय काकडीत ९५ टक्के पाणी. अंगमेहनत करणाऱ्याचं पोट तिने भरत नाही, म्हणून ती खाणं म्हणजे 'आम्हाला कष्ट करावे लागत नाहीत' हे न बोलता सांगणं. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मध्ये मावशीबाईंसाठी केलेली काकडीची सँडविचं भाचा एकटाच फस्त करतो आणि पहिल्या अंकात त्यावरून चांगलीच गंमत होते.

मुंबईच्या फुटपाथवरच्या सँडविचवाल्याकडेही काकडी असते. हिरवी चटणी, बटाटा, बीट, कांदा, वर मसाला. चवीत तो रिट्झला सहज हरवतो, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते.

हाडांचा कप

बोन चायना हे नाव उगाच पडलेलं नाही. पारंपरिक कृतीत जवळपास निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने अठराव्या शतकाच्या शेवटी ही कृती बसवली. त्या राखेमुळेच कप इतका पातळ आणि तरी मजबूत होतो, उजेडापुढे धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असलेलं बरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लंडनमध्ये केकवरच्या मूसमध्ये आणि जेलीत जिलेटिन असू शकतं. शाकाहारी मेन्यू मोठ्या हॉटेलांत असतो, पण तो बुकिंग करतानाच मागा. ऐनवेळी सांगितलं तर समोर काकडीच काकडी येते.

उजेडाचे पैसे

सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, तेरा भावंडांतला शेवटचा. लंडनचं सॅव्हॉय हॉटेल त्याने नावारूपाला आणलं. मग पॅरिसमध्ये १८९८ला आणि लंडनमध्ये १९०६ला त्याच्या नावाचं हॉटेल उघडलं. या माणसाला एक गोष्ट पक्की कळली होती. माणसं हॉटेलात जेवायला येतात, त्याहून जास्त ती छान दिसायला येतात. तेव्हा विजेचे दिवे नवे होते आणि त्यांच्या भगभगीत उजेडात प्रत्येक सुरकुती दिसायची. असं सांगतात की रिट्झने आपल्या बायकोला, मारीला, तासन् तास समोर बसवून वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांच्या टोप्या लावून पाहिल्या. शेवटी जर्दाळूची गुलाबी छटा ठरली, कारण त्या उजेडात तिचा चेहरा सगळ्यात तजेलदार दिसला.

बिलात या उजेडाची वेगळी ओळ नसते, पण त्याचे पैसे तुम्ही देता. आणि मला तरी ते योग्य वाटतात. साठी-सत्तरीच्या आईला एखाद्या दुपारी अशा उजेडात बसवून बघा. ती स्वतःच एकदा सरळ होऊन बसते, पदर नीट करते.

आधी साय की आधी जाम?

डेव्हनवाले म्हणतात आधी क्रीम, त्यावर जाम. कॉर्नवॉलवाले म्हणतात आधी जाम, मग क्रीम. भांडण एवढंच, आणि ते पिढ्यान् पिढ्या चालू आहे. हे क्रीम म्हणजे आपल्या सायीची सख्खी बहीण: दाट दूध किंवा मलई मंद आचेवर तापवायची, सावकाश गार होऊ द्यायची, वर जमलेला पिवळसर थर काढून घ्यायचा. कॉर्निश क्लॉटेड क्रीमला १९९८ सालापासून युरोपात नावाचं संरक्षण आहे, आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावाच लागतो.

स्कोन सुरीने कापू नका. मधोमध हलकेच पिळला की तो स्वतः दोन भागांत उघडतो, आतून वाफ निघते. वाफ निघाली नाही तर तो सकाळचा आहे. परत पाठवा. एवढे पैसे मोजलेत, संकोच करू नका.

केकचा हिशोब आणि पहिला ऑफिस कॉम्प्युटर

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये बाईमाणसाने एकटीने बाहेर बसून काही खाणं सोपं नव्हतं. पब पुरुषांचे, क्लब पुरुषांचे. १८६४ साली एरेटेड ब्रेड कंपनीने चहाचं दुकान उघडलं, १८९४ला लायन्स कंपनीने पिकॅडिलीवर उघडलं, आणि बायकांना अब्रूने, स्वस्तात, बिनधास्त बसायला जागा मिळाली. पुढे मताचा हक्क मागणाऱ्या बायका अशाच चहाघरांत जमायच्या. चहाच्या टेबलाची खरी कमाई कुठली म्हणाल तर माझ्या मते ही.

आणि याच लायन्सची पुढची गंमत. देशभर पसरलेल्या शेकडो दुकानांत रोज जाणारे केक, पाव, पेस्ट्र्या. यात नफा किती, खर्च किती, याचा हिशोब कारकुनांना आवरेना. तेव्हा कंपनीने केंब्रिजच्या शास्त्रज्ञांची मदत घेऊन स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. नाव लिओ. १९५१ साली त्याने बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशोब केला, आणि रोजच्या व्यापारी कामाला जुंपलेला जगातला पहिला कॉम्प्युटर म्हणून त्याची नोंद झाली. बँकेने नाही, विमा कंपनीने नाही, चहा-केक विकणाऱ्यांनी!

अगाथाबाईंनी ओळखलं होतं

अगाथा ख्रिस्तीची १९६५ सालची 'अ‍ॅट बर्ट्रम्स हॉटेल' ही कादंबरी. लंडनमधलं जुन्या वळणाचं हॉटेल, आणि तिथला दुपारचा चहा: खरे मफिन, खरी किटली, कोपऱ्यात बसलेल्या जुन्या घराण्यांतल्या म्हाताऱ्या. मिस मार्पल तिथे राहायला येते. या लोकांना हे परवडतं कसं, असा प्रश्न निघतो आणि व्यवस्थापक समजावून सांगतो: त्यांना आम्ही खास सवलतीत ठेवतो. अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्यांना जुनं इंग्लंड बघायचं असतं, ते त्यासाठी भरपूर मोजतात, आणि या म्हाताऱ्या त्या देखाव्याचा भाग आहेत! बर्ट्रम्स बेतलं कुणावर यावर वाद आहे. ब्राउन्स हॉटेलचं नाव बहुतेकदा घेतलं जातं. पण महागड्या चहाचं एवढं स्वच्छ अर्थशास्त्र मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

मुंबईत: खिडकी मिळाली तर

आता घरी येऊ. मुंबईत या चहाचं नाव घेतलं की पहिलं आठवतं ताजमहाल हॉटेलचं सी लाउंज. पहिला मजला, खिडकीबाहेर गेटवे ऑफ इंडिया, पलीकडे एलिफंटाकडे निघालेल्या लाँचा. हॉटेल आधीचं की गेटवे? पुष्कळ मुंबईकर इथे चुकतात. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ला, गेटवे पुरा झाला १९२४ला. एकवीस वर्षं बोटीतून येणाऱ्याला आधी ताजचा घुमट दिसायचा, कारण गेटवे नव्हताच. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात सहाशे खाटांचं इस्पितळ होतं. २००८च्या हल्ल्यात जुन्या इमारतीचं मोठं नुकसान झालं, आणि १५ ऑगस्ट २०१०ला ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.

सी लाउंजची खरी ख्याती मात्र लग्नं जमवण्याची आहे. गुजराती, मारवाडी, सिंधी, पारशी घरांतल्या मुला-मुलींची पहिली भेट इथे ठरवण्याची दक्षिण मुंबईत जुनी पद्धत. आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त समुद्राच्या समोर. जागा किती अचूक निवडली आहे बघा. बोलणं खुंटलं तर खिडकीबाहेर बघता येतं. टेबलं एवढ्या अंतरावर की शेजारच्याला ऐकू जात नाही. वेटर बोलावल्याशिवाय येत नाही. आणि दोन्हीकडची मंडळी पलीकडच्या टेबलावर बसून सगळं बघू शकतात.

इथे सँडविच, स्कोन, केक यांच्या जोडीला भेळ आणि शेवपुरीही असते. काही जाणकार नाक मुरडतात, मी नाही. गोड केकनंतर जिभेला चिंचेची चटणी लागली की पुन्हा चहाचा घोट घ्यावासा वाटतो. इंग्रजांच्या स्टँडवर ही सोय नाही. खिडकीचं टेबल मिळालं आणि संध्याकाळचा उजेड असेल, तर सी लाउंजला माझा स्पष्ट होकार आहे. खिडकी नसेल तर दुसऱ्या दिवशी जा.

ताजनंतर एका वर्षाने, १९०४ला, धोबी तलावला क्यानी अँड कंपनी हे इराणी हॉटेल सुरू झालं, आणि तेही अजून चालू आहे. बन मस्का आणि वाफाळता चहा. ज्याला नुसता चांगला चहा आणि चांगला पाव हवाय, त्याने कुलाब्याऐवजी सरळ धोबी तलाव गाठावा.

माझा राग आहे तो तिसऱ्याच प्रकारावर. आपल्या शहरांतल्या कितीतरी पंचतारांकित हॉटेलांत आता 'हाय टी' निघालाय. खिडकी नाही, इतिहास नाही, एसीच्या झोताखाली दुपारपासून कडा वाळलेली सँडविचं, आणि हजारो रुपये घेऊन कपात टाकलेली पिशवी! एका अशाच ठिकाणी मी दार्जिलिंग मागितली, तर पिशवीची दोरी कपाबाहेर लटकवून, पाणी जेमतेम कोमट. ज्या देशात आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरी पिकते तिथे हे चालवून घेऊ नये.

बिल वाचताना

मेन्यूवर '२,५०० अधिक कर' असेल तर खिशातून किती जातील? ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी १८ टक्के, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५. त्यात हॉटेलने दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला की आधी २,७५० होतात, आणि त्या सगळ्यावर कर लागून ३,२४५. हा सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. 'काढून टाका' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. सेवा मनापासून आवडली असेल तर वेटरच्या हातात द्या.

लंडनमध्ये कर आधीच धरलेला असतो, पण बिलात साडेबारा ते पंधरा टक्के सर्व्हिस चार्ज बहुधा येतोच. तोही ऐच्छिक. एक बदल मात्र चांगला झालाय. ऑक्टोबर २०२४पासून तिथे कायदा लागू आहे की टिप आणि सर्व्हिस चार्जची सगळी रक्कम कामगारांनाच मिळाली पाहिजे, मालकाला त्यातून कापून घेता येत नाही. म्हणून तिथे मी तो काढायला सांगत नाही.

जायचंच, तर असं जा

दुपारचं जेवण टाळा. हा चहा म्हणजे जेवणच आहे, जेवून गेलात तर वरच्या ताटलीपर्यंत पोचणार नाही. खालून वर खात जा: आधी सँडविच, मग स्कोन गरम असताना, शेवटी केक. लंडनच्या मोठ्या हॉटेलांत सँडविचं पुन्हा मागितली तर बहुतेकदा जादा पैसे न घेता आणून देतात. आपली माणसं मागायला लाजतात आणि उपाशी बाहेर पडतात. चहाही बदलून मागता येतो. पहिली किटली आसाम घ्या, दुधाची. दुसरी दार्जिलिंग, बिनदुधाची. उरलेले केक खोक्यात बांधून द्यायला सांगा. ते आनंदाने देतात, खोकंही देखणं असतं. शॅम्पेनचा पेला जोडून देणारं महाग पॅकेज घेऊ नका, त्यात हॉटेलचा फायदा जास्त, तुमचा कमी.

वार मधला निवडा, मंगळवार किंवा बुधवार. गर्दी कमी, वेटरला तुमच्याकडे बघायला वेळ. हाँगकाँगच्या पेनिन्सुला हॉटेलात तर बाहेरच्यांनी रांगेत उभं राहायची वर्षानुवर्षांची रीत आहे. १९२८ सालच्या त्या लॉबीत सज्जावर वादक बसलेले असतात आणि खाली माणसं ताटकळत उभी. तिथे दार उघडायच्या वेळेलाच पोचा.

कुणाबरोबर जायचं हे सगळ्यात आधी ठरवा. चौघं-पाच जणांचा घोळका नेला तर फोटो काढण्यात आणि 'तू काय घेतलंस' यात वेळ जातो. दोघं जा. आईबरोबर, परदेशातून आलेल्या मैत्रिणीबरोबर, किंवा ज्याच्याशी बरेच दिवस एक गोष्ट बोलायची राहिली आहे त्या माणसाबरोबर. पहिला वाढदिवस, पन्नासावा वाढदिवस अशा समारंभांसाठी हे पैसे घालवू नका. समारंभात बोलणं होत नाही, आणि इथे तुम्ही बोलण्याच्या जागेचंच भाडं भरताय.

आणि बुकिंग करण्याआधी फोनवर एकच विचारा: चहा सुट्या पत्तीचा देता की पिशवीचा? सुटी पत्ती म्हणाले तर कुठली आहे तेही विचारा, बागेचं नाव सांगता आलं तर बेलाशक टेबल घ्या. पलीकडून 'एक मिनिट हं, विचारून सांगतो' असं आलं, तर फोन ठेवून द्या.